ज्या पाण्याचा जीव त्या पाण्यात

कोल्हापूरचे नाव कशाकशामुळे प्रसिद्ध आहे, असे कोणी विचारले तर उत्तरासाठी फार विचार करावा लागत नाही. अंबाबाईचे मंदिर, शाहू महाराजांचा वारसा, गुळाची पेठ, चप्पल, साज, तालमी ही यादी बहुतेकांना तोंडपाठ असते. या यादीत एक नाव मात्र कधीच येत नाही. १९५६ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात कोल्हापूर परिसरातील माशांविषयी दोघा अभ्यासकांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात बोटभर लांबीच्या एका पट्टेरी माशाचे वर्णन होते आणि त्याला दिलेल्या शास्त्रीय नावाचा शेवटचा शब्द होता ‘कोल्हापुरेन्सिस’, म्हणजेच कोल्हापूरचा.

या माशाची मूळ ओळख त्याही आधीची आहे. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक सी. आर. नारायण राव यांनी १९२० मध्ये शिमोग्याजवळच्या तुंगा नदीतील माशावरून त्याचे प्रथम वर्णन केले आणि त्याला ‘बोटिया स्ट्रायाटा’ असे नाव दिले. ‘स्ट्रायाटा’ म्हणजे पट्टेरी. कोल्हापूरचा मासा वेगळा नसून तोच आहे, असे पुढील अभ्यासकांचे मत पडले आणि ‘कोल्हापुरेन्सिस’ हे नाव ग्रंथांतच राहिले. तुंगा आणि पंचगंगा या दोन्ही नद्यांचे पाणी अखेर कृष्णेलाच मिळते. म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतून निघून कृष्णेकडे धावणाऱ्या प्रवाहांचाच हा रहिवासी. जगात अन्यत्र कोठेही तो निसर्गतः आढळत नाही.

मात्र काचेच्या पेट्यांत तो जगभर आढळतो. युरोप-अमेरिकेतील हौशी लोक त्याला ‘झेब्रा लोच’ म्हणतात, आणि कोल्हापुरातील रंगीत माशांच्या दुकानांतही त्याची ओळख याच नावाने होते. पिवळसर अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत बारीक गडद पट्टे, तोंडाजवळ आखूड मिशा आणि सतत तळ हुंगत फिरण्याची सवय. पाणवनस्पती लावलेल्या पेटीत असे पाच-सहा मासे हिंडू लागले की घरी आलेल्या पाहुण्यांची नजर तेथेच खिळते. मूळचा गावचाच असलेला हा जीव परगावच्या इंग्रजी नावाने दुकानात येतो, आणि घेणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला त्याचे मूळ गाव ठाऊक नसते.

२०११ मध्ये पश्चिम घाटातील गोड्या पाण्याच्या जीवसृष्टीचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघ आणि कोइमतूरची झू आउटरीच ऑर्गनायझेशन यांनी मिळून केलेल्या या कामात १,१४६ जातींचा विचार झाला व त्यांपैकी सुमारे १६ टक्के जातींना नामशेष होण्याचा धोका असल्याचे दिसून आले. या पट्टेरी माशाचा समावेश ‘संकटग्रस्त’ वर्गात झाला. मोजक्या ठिकाणी असलेला वावर आणि त्या ठिकाणांच्या पाण्याची घसरत चाललेली प्रत ही त्याची प्रमुख कारणे. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना ही प्रत वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. उन्हाळ्यात नदीत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे वाचनात येतात.

त्यातच व्यापाराची भर पडली. २०१३ मध्ये राजीव राघवन, पुण्याचे नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोभिवंत माशांच्या निर्यातीचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००५ ते २०१२ या काळात धोक्यात असलेल्या ३० जातींचे १५ लाखांहून अधिक मासे भारतातून परदेशी गेल्याचे त्यातून उघड झाले. या निर्यातीत ज्यांचा वाटा सर्वांत मोठा होता, त्यांत हा पट्टेरी बोटिया होता. त्याच्या जोडीला केरळातील इवलासा फुगा मासा आणि लाल रेघेचा ‘मिस केरळ’ हेही होते.

‘मिस केरळ’ची कथा व्यापारी कुटुंबांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. १८६५ मध्ये फ्रान्सिस डे यांनी या माशाचे प्रथम वर्णन केले. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ बाहेरच्या जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही. १९९७ मध्ये सिंगापूरच्या ‘अ‍ॅक्वारामा’ या प्रदर्शनात त्याला पारितोषिक मिळाले आणि मागणी एकदम वाढली. केरळातील डोंगरी नद्यांतून तो जाळ्यांनी भरभरून निघू लागला आणि काही वर्षांतच त्याची नोंद संकटग्रस्त जातींत झाली. कोचीजवळील पनंगाडच्या मत्स्य महाविद्यालयात बंदिस्त पाण्यात त्याची पैदास करण्यात यश आले, तेव्हा कोठे नदीवरचा भार हलका होण्याचा मार्ग दिसला. मागणी आधी आणि पैदास नंतर, हा क्रम त्या माशाला फार महाग पडला.

पेढीवर बसणाऱ्याला यातील हिशेब चटकन कळेल. समजा, एका डोहात शंभर मासे आहेत आणि वर्षाकाठी त्यांत निव्वळ दहांची भर पडते. दहा काढले तर ते व्याज झाले. तीस काढले तर वीस मुद्दलातून गेले. पुढच्या वर्षी मुद्दलच कमी, त्यामुळे व्याजही कमी. पण मागणी तेवढीच राहते. असे खाते किती वर्षे चालेल, हे सांगायला बँकेत जावे लागत नाही. नदीच्या बाबतीत अडचण अशी की या खात्याची वही कोणाच्याच हाती नसते. आज शिल्लक किती, हे काढणाऱ्याला माहीत नसते, विकणाऱ्याला नसते आणि पेटीत सोडणाऱ्याला तर मुळीच नसते.

आता हा मासा घरात ठेवायचा झालाच तर काय काय लागते, ते पाहू. तो एकट्याने राहत नाही. किमान पाच-सहांचा घोळका हवा. एकटा ठेवला तर तो दिवसभर दगडाआड दडून बसतो व खंगत जातो. त्यासाठी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी पेटी तरी पाहिजे. तिच्यात सुमारे सव्वाशे लिटर पाणी मावते आणि पाणी, वाळू, दगड व काच मिळून वजन दीड क्विंटलच्या वर जाते. गल्ल्यामागच्या लाकडी फळीवर ठेवण्याजोगी ही वस्तू नव्हे.

तळाशी टोकदार खडी चालत नाही. अन्न हुंगताना त्याच्या मिशा झिजतात व जखमा होतात. म्हणून गुळगुळीत वाळू घालावी. दडायला गोटे, लाकडाचे ओंडके आणि दाट वनस्पती हव्यात. पाणी स्वच्छ व वाहते असावे आणि तापमान २३ ते २६ अंशांच्या आसपास राहावे. एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापुरातही पेटीचे पाणी याहून बरेच तापते, तेव्हा झाकण किंचित उघडून वरून पंख्याचा वारा द्यावा लागतो. मात्र त्या फटीवर बारीक जाळी हवी, कारण हा मासा उडी मारून बाहेर पडू शकतो. त्याच्या अंगावरचे खवले अतिशय बारीक असल्याने माशांच्या आजारांवरील नेहमीच्या औषधांची मात्रा त्याला बाधते. डोळ्याखाली एक लपलेला काटा असतो. घाबरला की तो काटा बाहेर येतो आणि जाळीत अडकतो. म्हणून त्याला जाळीने पकडू नये, भांड्याने पाण्यासकट उचलावे. कधी कधी तो कुशीवर आडवा पडून झोपतो. नवख्या माणसाला मासा मेला असे वाटते आणि घरात धावपळ उडते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो व तो विषारी असतो. वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात वाढणारे सूक्ष्म जीवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग त्या मानाने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या पेटीत ही व्यवस्था बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून पेटी व मासे एकाच दिवशी घरी आणले की पहिल्या पंधरवड्यात मासे मरू लागतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. पाणी वरवर निर्मळ दिसत असते. पुष्कळ घरांत अशा वेळी ‘मासे लाभले नाहीत’ असे म्हटले जाते. वास्तविक त्यांना विषात सोडलेले असते.

जिवंत वनस्पती या कामात मोठी मदत करतात. त्या अमोनिया व नायट्रेट शोषून घेतात, प्रकाशात प्राणवायू देतात आणि भित्र्या माशांना आडोसा देतात. यातील कित्येक वनस्पती पश्चिम घाटाच्याच आहेत. क्रिप्टोकोरिनची एक जात सह्याद्रीतील ओढ्यांच्या काठी, वाळूत मुळे रोवून वाढते. रोटालाच्या अनेक जाती येथील सड्यांवर व ओलसर जागी आढळतात. त्यांना रोज सात-आठ तास प्रकाश पुरतो. हौसेने बारा-चौदा तास दिवा लावला तर वनस्पतींऐवजी शेवाळ माजते. रात्री मात्र वनस्पतीही प्राणवायू वापरतात, हे ध्यानात ठेवून हवेचा पंप चालू ठेवावा. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी, म्हणजे सुमारे दोन बादल्या, बदलावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते निघून गेल्याशिवाय पाणी पेटीत ओतू नये.

एवढे सारे नीट सांभाळले तर हा मासा दहा वर्षांहूनही अधिक जगतो. इयत्ता दुसरीतील मुलाच्या हट्टासाठी आणलेला मासा तो मुलगा महाविद्यालयात जाईपर्यंत घरात असू शकतो, असा त्याचा अर्थ. मुलाचा हट्ट पंधरा दिवसांत ओसरतो. पुढची सारी वर्षे पाणी बदलण्याचे काम आईकडे किंवा दुकानातील नोकराकडे येते. म्हणून पेटी घेण्यापूर्वी हे काम कोण करणार, हे घरातील मोठ्यांनी ठरवून घ्यावे.

येथे जैन कुटुंबापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो आणि तो दुकानदार सांगत नाही. हा मासा शाकाहारी नाही. निसर्गात तो किडे, अळ्या, गांडुळासारखे जीव आणि लहान गोगलगाई खातो. बाजारातील दाणेदार खाद्यातही बहुधा माशांचेच पीठ असते. वनस्पती लावलेल्या पेटीसाठी हा मासा मुद्दाम सुचवला जातो, त्याचे एक कारण तर थेट हिंसेचे आहे. नव्या वनस्पतींच्या पानांवर चिकटून गोगलगाईंची अंडी येतात व पेटीत त्यांची संख्या वाढते. त्या खाऊन संपवाव्यात, यासाठी हा मासा आणला जातो. मासा आपल्या स्वभावाने वागतो, त्याला दोष नाही. पण त्याच्याकडून ते काम करून घेण्यासाठी पैसे मोजणारा गृहस्थ या हिशेबातून सुटत नाही. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे यांतील संबंध या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत जाणाऱ्या मुलांनाही ठाऊक असतात. पूर्वी ते घरच्या गाई-बैलांच्या संदर्भात सांगितले जात. आता घरात गोठा राहिला नाही, पण काचेची पेटी आली आहे. बंध म्हणजे जखडून ठेवणे. गोल काचेच्या भांड्यात एकटा फिरणारा मासा दुसरे काय भोगतो? छेद म्हणजे अंग कापणे किंवा टोचणे. पारदर्शक काचमाशांच्या अंगात सुईने रंग टोचून ते बाजारात विकले जातात आणि मुले नेमके तेच मागतात. अतिभारारोपण म्हणजे न पेलणारे ओझे लादणे; दहा माशांच्या पाण्यात पन्नास सोडले की ते ओझे पाण्यावर आणि पाण्यातून प्रत्येक माशावर पडते. अन्नपाननिरोध म्हणजे खाणेपिणे तोडणे. माशाच्या बाबतीत अन्नाचा तुटवडा क्वचितच होतो, उलट कौतुकाने घातलेल्या जादा अन्नानेच पाणी नासते. त्याचे ‘पान’ म्हणजे ज्या पाण्यात तो श्वास घेतो ते पाणी. ते वेळेवर न बदलणे हाही निरोधच होय. या चार कसोट्यांवर बाजारात दिसणाऱ्या किती पेट्या उतरतील, याचा विचार प्रत्येकाने करावा. वध, म्हणजे मारहाण, हा पाचवा अतिचार तेथे आढळत नाही, एवढेच.

आता या विषयातील सर्वांत नाजूक भागाकडे वळू. पेटी सांभाळणे जड होऊ लागले की घरातील एखादे कनवाळू माणूस सुचवते : ‘बिचाऱ्यांना रंकाळ्यात सोडून देऊ, मोकळे होतील.’ पर्युषणाच्या सुमारास तर हे अभयदान समजले जाते. काही ठिकाणी बाजारातून मासे विकत घेऊन ते तलावात वा नदीत सोडण्याचीही पद्धत आहे. भाव निर्मळ असतो, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परिणाम मात्र फार वेगळा होतो.

पेटीत वाढलेल्या माशाला मोकळ्या पाण्यात अन्न शोधण्याची सवय नसते. त्यांतील बरेचसे काही दिवसांतच मरतात. जे तग धरतात, ते अधिक घातक ठरतात. काच स्वच्छ करणारा म्हणून आणला जाणारा ‘सकर’ मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील. दुकानात तो बोटाएवढा असतो, पण वाढून फूटभराहून मोठा होतो, पेटीत मावत नाही आणि मग एखाद्या संध्याकाळी तलावात सोडला जातो. अंगावरचे चिलखत आणि काटेरी पर यांमुळे येथील पक्षी व मोठे मासे त्याला सहसा खाऊ शकत नाहीत. तो काठाच्या मातीत बिळे करतो, मच्छीमारांची जाळी फाडतो आणि इतरांचे अन्न व जागा बळकावतो. उजनी जलाशयातील मच्छीमारांना हा अनुभव आलेला आहे. याआधी १९५२ मध्ये उत्पादन वाढवण्यासाठी म्हणून तिलापिया भारतात आणला गेला आणि आज देशातील असंख्य तलावांत त्याचेच राज्य आहे. शिवाय पेटीतील माशांच्या अंगावरून परमुलुखातील रोग व परजीवी नदीत उतरतात, ते दिसतही नाहीत. एका जिवाला दिलेले अभय अशा रीतीने हजारो जिवांच्या मुळावर येते.

याचे उत्तर परंपरेतच आहे, आणि ते फार काटेकोर आहे. पाणी गाळून घेण्याची रीत सर्वांना माहीत आहे. पण गाळल्यानंतरची रीत नळ आल्यापासून मागे पडली. गाळण्याच्या कापडावर जे सूक्ष्म जीव राहत, ती जिवाणी कोठेही फेकून दिली जात नसे. गाळलेल्याच पाण्याने ते कापड धुऊन ती जिवाणी ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत परत सोडली जाई. नदीची जिवाणी विहिरीत नाही, एका विहिरीची दुसऱ्या विहिरीत नाही. तीही वरून ओतायची नाही. बादली पाण्यापर्यंत खाली उतरवून अलगद सोडायची. एका पाण्यातील जीव दुसऱ्या पाण्यात गेला तर तोही दुखावतो आणि तेथील जीवही दुखावतात, ही जाण त्या रीतीच्या मुळाशी होती. आज जलजीवशास्त्राचे अभ्यासक परक्या जातींविषयी जे सांगतात, त्याचा गाभा याहून वेगळा नाही.

या कसोटीवर पट्टेरी बोटियाचा विचार केला तर काय दिसते? दुकानातील मासा मूळचा पंचगंगेच्या खोऱ्यातील असू शकेल, तुंगेचा असू शकेल किंवा परदेशातील केंद्रात पैदास झालेलाही असू शकेल. घरच्या पेटीत त्याची वीण सहसा होत नाही. व्यावसायिक केंद्रांत संप्रेरकांची इंजेक्शने देऊन पिल्ले मिळवली जातात. त्याचे पाणी कोणते, हे एकदा विसरले गेले की त्याला परत सोडण्याजोगी जागाच उरत नाही. पंचगंगेत सोडला तर तो ‘घरी’ गेला, असेही म्हणता येत नाही. कारण इतर माशांच्या सहवासात त्याने काय काय अंगाला लावून घेतले, हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून जो जीव एकदा पेटीत आला तो मरेपर्यंत पेटी ठेवणाऱ्याची जबाबदारी झाला. सांभाळणे अशक्यच झाले तर तो दुसऱ्या जाणत्या हौशी माणसाकडे किंवा ज्या दुकानातून आणला तेथे द्यावा. नदी, तलाव, विहीर यांपैकी कोठेही सोडू नये.

आणि घेण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : हा मासा कोठून आला? नदीतून पकडलेला की पैदास केलेला? धान्याची, कापडाची, सोन्याची आवक कोठून झाली हे न विचारता माल घेणारा व्यापारी पेढीवर फार काळ टिकत नाही. तोच प्रश्न जिवंत मालाबाबत विचारायला संकोच कसला? उत्तर मिळाले नाही, तर तो मासा घेऊ नये. ग्राहक विचारू लागले की दुकानदार आपल्या पुरवठादाराला विचारू लागतो. बाजार असाच सुधारतो, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको. ज्यांना खाद्यातील हिंसा मान्य नाही, त्यांनी मासा न घेता केवळ पाणवनस्पतींची पेटी करावी. वाळू, गोटे, क्रिप्टोकोरिन, रोटाला, वर प्रकाश आणि हलते पाणी एवढ्यानेही दिवाणखान्याला ओढ्याकाठची शांतता येते. डास होऊ नयेत म्हणून झाकण घट्ट ठेवले आणि पाणी फिरते राहिले की झाले.

दुर्मीळ माशाचे खरे संरक्षण कोठे होते, याचे एक उदाहरण जवळच आहे. आंबोलीला हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. पुढे आजरा, गडहिंग्लज असा प्रवास करत ही नदी घटप्रभेला मिळते. उगमापाशी मंदिर आहे, गुहा आहे आणि समोर पाण्याचे कुंड आहे. त्या पाण्यात सापडलेल्या लहानशा माशाचे वर्णन तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकारी अभ्यासकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केले. नदीवरूनच त्याचे नाव ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ असे ठेवण्यात आले. मासा दुर्मीळ, जागा इवलीशी. तो पकडून नेणारे हात वाढले असते, तर त्याच्या मुद्दलाचा निकाल लागायला वेळ लागला नसता. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्या ठिकाणचा २.११ हेक्टर परिसर जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केला. मासा कोठेही हलवला नाही. त्याचे पाणीच राखण्याचे ठरले.

पंचगंगेला असे एकच कुंड नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लुप्त मानलेली सरस्वती अशा पाच नावांनी ती ओळखली जाते आणि प्रयाग चिखलीपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत तिच्या काठी शेकडो कारखाने, दुकाने व घरे आहेत. त्यांतील पुष्कळ दुकाने या मासिकाच्या वाचकांची आहेत. गोदामातील रसायनांचे रिकामे डबे कोठे धुतले जातात, सांडपाणी कोणत्या नाल्याला जाते, निर्माल्याची पिशवी कोठे पडते, या प्रश्नांची उत्तरे घरच्या घरी मिळू शकतात. अनेक संस्थांत जीवदयेचे स्वतंत्र खाते असते आणि त्यातून पांजरपोळांना मदत जाते. ते कार्य चालूच राहावे. पण त्याच खात्यातून एखाद्या ओढ्याच्या उगमाची राखण, गावातील नाल्याची सफाई किंवा महाविद्यालयातील मुलांनी केलेली माशांची नोंदणी यांसाठी वर्षाला काही रक्कम बाजूला काढता येणार नाही का? पाच-सहा मासे आणि त्यांची पेटी यांवर एक कुटुंब पहिल्या वर्षी जेवढा खर्च करते, तेवढ्यात अशा कामाचा आरंभ होऊ शकतो.

चातुर्मासात पाण्याविषयीची प्रवचने होतात, गाळण्याचे कापड नवे घेतले जाते, मुलांना पाणी गाळण्याची रीत दाखवली जाते. या वर्षी ती दाखवताना अर्ध्यावर थांबू नये. कापडावर राहिलेल्या जिवांचे पुढे काय करायचे आणि ते त्याच पाण्यात परत का सोडायचे, तेही मुलांना सांगावे. मग त्यांना रंकाळ्याच्या काठी नेऊन, मासे येथे का सोडायचे नाहीत, हे समजावणे कठीण जाणार नाही. आणि ‘कोल्हापुरेन्सिस’ नावाचा एक पट्टेरी मासा याच खोऱ्यातला आहे, हेही त्यांना तेव्हाच सांगावे.